दिनचर्येच्या नावानं चांगभलं

दुःखावर उपाय सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वानवा नव्हती. अलीकडे मात्र या उपायांचा मसुदा ठरून गेला आहे. पहाटे पाचला उठा. उठल्याबरोबर मोबाइलला हात लावू नका. कोमट पाणी, सूर्यनमस्कार, दहा मिनिटं ध्यान, रात्री झोपताना कृतज्ञतेची वही. महिनाभर करून बघा, मग नैराश्य कसं टिकतं ते पाहू! हे सांगणारे गृहस्थ सोसायटीच्या गणेशोत्सवात व्याख्यानाला येतात, कंपनीच्या ‘वेलनेस वीक’मध्ये पडद्यावर दिसतात आणि उरलेल्या वेळात नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली सापडतात. समारोपाचं वाक्यही बहुतेकांचं एकच असतं : आमच्या वेळी नव्हती बुवा ही डिप्रेशनची थेरं.

या मंडळींचा हेतू वाईट असतो असं मी म्हणणार नाही. बऱ्याच जणांना सकाळी चालून खरोखर बरं वाटलेलं असतं, आणि आपल्याला ज्यानं बरं वाटलं ते चार जणांना सांगावंसं वाटणं ही साधी माणुसकी आहे. तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. ‘चालल्यानं बरं वाटतं’ इथून निघालेला माणूस ‘तुला बरं वाटत नाही, कारण तू चालत नाहीस’ इथे कधी येऊन पोहोचतो, ते त्याचं त्यालाही कळत नाही. पहिलं वाक्य सल्ला आहे, दुसरं आरोपपत्र. माझा वाद या आरोपपत्राशी आहे.

आधी त्या ‘आमच्या वेळी’चा समाचार घेऊ. मोबाइल नव्हता, रील्स नव्हत्या, माणसं नऊला झोपत, कोंबड्याबरोबर उठत, म्हणून मनं खणखणीत होती, असा हा दावा. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ सालचं आहे आणि ठाण्याचं १९०१ सालचं. ही दोन्ही काय रात्री जागून वेब सिरीज बघणाऱ्यांसाठी बांधली होती? आपल्या उदासीनतेचा उगम आपल्यालाच सापडत नाही, अशी कविता लिहिणारे बालकवी १९१८ साली गेले. त्या काळी अर्ध्या खानदेशात कंदील हाच काय तो उजेड होता, ‘स्क्रीन टाइम’ला दोष द्यायला पडदाच नव्हता.

पण या दाव्याला खरं उत्तर देणारा माणूस वेगळाच आहे आणि त्याचं पुस्तक जवळपास प्रत्येक मराठी घरात आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारी अंगावर घेतल्यावर मुलांची कामं स्वतः करायचे, त्यांच्यासाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हातानं लिहून काढायचे. १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली. १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून आधी महाराष्ट्रभर दौरा केला, मग उपोषण केलं आणि देवाचा दरवाजा उघडायला लावला. १९४८ साली ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. आजच्या कोणत्याही प्रेरणादायी वक्त्यानं त्यांची उत्तरपत्रिका तपासली तर त्याला एकही गुण कापता येणार नाही. व्यसन नाही, चैन नाही, आळस नाही. प्रार्थना आहे, श्रम आहेत, लेखन आहे, जगण्याचा हेतू आहे, जीव टाकणारी माणसं आहेत. आणि ११ जून १९५० या दिवशी गुरुजींनी स्वतःचं आयुष्य संपवलं. तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते.

का संपवलं, याचं एका ओळीचं उत्तर कुणीच देऊ नये. तसं उत्तर कुणाच्याच बाबतीत नसतं. पण ‘सवयी चांगल्या असतील तर मन ढासळत नाही’ हा सिद्धांत गुरुजींपुढे दोन मिनिटंही उभा राहू शकत नाही, एवढं तरी मान्य करा. आणि आपण समाज म्हणून त्यानंतर काय केलं, तेही जरा आठवा. ‘गुरुजी फार हळवे होते’ असं म्हणून मोकळे झालो. स्वातंत्र्यानंतरचा भ्रमनिरास, गांधीहत्येचा घाव, माणसाच्या आत चालणारी झुंज हे सगळं त्या एका विशेषणाखाली दडपलं. आज सत्तर-पंचाहत्तर वर्षांनीही उद्योग तोच चालू आहे. ‘मुलगी फार सेन्सिटिव्ह आहे हो’ असं म्हटलं की तिच्या सासरचं, तिच्या ऑफिसचं, तिच्या औषधाचं काहीच बोलावं लागत नाही. स्वभाव आणि सवय ही दोन सोयीची खुंटाळी आहेत. सगळं तिथे टांगता येतं.

आता त्या पहाटेच्या पाच वाजण्याकडे येतो, कारण या उपदेशाचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या भेटीत जे प्रश्न विचारतात त्यातला एक असा असतो : पहाटे फार लवकर जाग येते का? नैराश्याच्या तीव्र प्रकारांत हे नेहमी आढळणारं लक्षण आहे. तीन-साडेतीनला डोळे उघडतात, पुन्हा लागत नाहीत आणि दिवसातला सगळ्यात भयाण काळ तोच असतो. सकाळी मन तळाला, संध्याकाळी किंचित वर. म्हणजे ज्याला तुम्ही ब्राह्ममुहूर्ताचं माहात्म्य सांगत आहात तो तुमच्या दोन तास आधीपासून छताकडे बघत पडलेला आहे. दुसऱ्या काहींचं उलट असतं, दहा तास झोपूनही अंग उचलत नाही. ही आजाराची रूपं आहेत. ती कारणं समजून रुग्णाला झापणं म्हणजे गळक्या छपराखाली राहणाऱ्या बाईला फरशी कोरडी ठेवायची शिस्त शिकवणं.

रॉबिन शर्मा यांचं ‘द फाइव्ह ए.एम. क्लब’ २०१८ साली आलं आणि पहाटे उठणं ही अचानक यशस्वी माणसांची खूण ठरली. गंमत बघा. चाळीत पहाटे पाणी येतं म्हणून उठणारी, मग दोन डबे भरणारी, सासऱ्यांचं आंघोळीचं पाणी काढून देणारी आणि धावत गाडी पकडणारी बाई या क्लबची पिढीजात सभासद आहे. तिच्यावर अजून कुणी पुस्तक लिहिलेलं नाही. तिला साडेचारची जाग शिकवायला कुणा वक्त्याची गरज पडली नाही, आणि त्या जागेनं तिचं मन शांत झाल्याचंही ऐकिवात नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्यांपैकी बायकांचा रोजचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ८८. फरक दोनशे मिनिटांचा. पुरुषाचं ध्यान, चालणं, वाचन आणि कृतज्ञतेची वही हे सारं ज्या वेळात बसतं तो वेळ कुठून येतो, याचा हिशेब या दोन आकड्यांत आहे. मॅटवर बसलेल्या माणसासाठी स्वयंपाकघरात कुणीतरी उभं असतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा अहवाल सांगतो, त्या वर्षी देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. २२,७४६ या आकड्यासह महाराष्ट्र पहिला. ज्या स्त्रिया गेल्या त्यांतल्या निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या. पोलिसांनी नोंदवलेल्या कारणांत कौटुंबिक अडचणी सगळ्यात वर, त्याखाली आजारपण. पोलिसांच्या नोंदीतलं कारण अंतिम सत्य नसतं हे कबूल. तरीही विचारतो, दिनचर्येचा एवढा गाजावाजा करणाऱ्या मंडळींना घरात दिवसभर राबणारी, दारूला न शिवणारी, रोज देवपूजा करणारी ही बाई कुठल्या वाईट सवयीच्या खात्यात टाकायची आहे?

तीच गोष्ट विद्यार्थ्यांची. २०२२ मध्ये १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला आणि राज्यांच्या यादीत इथेही आपण पहिले. कोचिंगच्या वसतिगृहात जाऊन बघा, उपदेशकांच्या स्वप्नातली दिनचर्या तिथे प्रत्यक्षात उतरलेली आहे. पहाटे उठायचं, मोबाइल वॉर्डनकडे जमा, वेळेवर जेवण, भिंतीवर वेळापत्रक, डोळ्यांपुढे ध्येय. त्या मुलाला शिस्तीची कमतरता नाही. त्याला नापास व्हायची मुभा नाही.

यावर हमखास येणारा डाव म्हणजे ‘वेळ सगळ्यांना सारखाच चोवीस तास असतो’. हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं त्याला ड्रायव्हर होता याबद्दल माझी खात्री आहे. कर्जतहून फोर्टात नोकरीला येणाऱ्याचे जाऊन-येऊन चार-साडेचार तास गाडीत आणि फलाटावर जातात. हिंजवडीच्या रस्त्यावर संध्याकाळी अडकलेल्यांची कहाणी वेगळी सांगायला नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सुचवलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असंही विचारून बसले. त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणी अहवालानं आठवड्याला साठ तासांपेक्षा जास्त काम करणं आरोग्याला घातक ठरू शकतं, असं नमूद केलं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्येच सांगितलं होतं की आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या मानानं, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. एवढं होऊनही सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळानं कामाच्या दिवसाची कमाल मर्यादा दुकानं आणि खासगी आस्थापनांत ९ वरून १० आणि कारखान्यांत ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली.

आणि याच आस्थापना आपल्या माणसांसाठी रात्री साडेआठला ‘वर्क-लाइफ बॅलन्स’वर ऑनलाइन सत्र ठेवतात. हजेरी सक्तीची! ताण कामातून येतो आणि उतारा मात्र कर्मचाऱ्यानं स्वतःच्या झोपेतून काढायचा, असा हा व्यवहार आहे. सवयींचा उपदेश एवढा लोकप्रिय का आहे याचं उत्तर मला इथे दिसतं. तो स्वस्त आहे. वक्त्याच्या मानधनात प्रकरण मिटतं, माणसं वाढवावी लागत नाहीत, मुदती बदलाव्या लागत नाहीत, वरिष्ठाला जाब विचारावा लागत नाही. आणि सत्रानंतरही एखादा कोलमडलाच, तर त्यानं ध्यान नीट केलं नसणार.

मग माणसानं स्वतः काहीच करायचं नाही का? लोळत पडून व्यवस्थेला शिव्या द्यायच्या? हा प्रतिपक्षाचा सगळ्यात जोरकस प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. व्यायाम, झोप, उन्हात जाणं, माणसांत मिसळणं यांचा मनावर चांगला परिणाम होतो, हे संशोधनानं वारंवार दाखवलं आहे. मी त्याविरुद्ध एक शब्दही लिहिणार नाही. उलट माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा सवयींच्याच उपचाराचा आहे, आणि तो शेजारच्या गोव्यातून येतो.

१९९६ साली गोव्यात स्थापन झालेली ‘संगात’ ही संस्था साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन मानसिक आरोग्याचं काम करते. त्यांनी गोव्यातल्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर एक प्रयोग केला, तो २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. एका गटाच्या डॉक्टरांना तपासणीचा निकाल आणि उपचाराच्या सूचना दिल्या. दुसऱ्या गटाला याशिवाय एक समुपदेशक दिला, जो डॉक्टर नव्हता, मानसशास्त्रज्ञही नव्हता. सहा ते आठ भेटी. त्या भेटींत काय होतं? बाहेर पडा, शेजारणीकडे जा, सोडलेलं काम थोडं थोडं हातात घ्या, आवडायचं ते पुन्हा करून बघा. म्हणजे आपल्या उपदेशकांच्या यादीशी निम्मी जुळणारी यादी! तीन महिन्यांनी पहिल्या गटातले ३९ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आलेले होते आणि दुसऱ्यातले ६४ टक्के.

आता म्हणाल, बघा, सवयीच कामी आल्या. आल्या ना. पण कशा आल्या ते नीट बघा. समोर एक माणूस बसत होता. तो आधी ऐकत होता. यादी त्याच्या खिशातून निघत नव्हती, ती त्या बाईच्या घरातल्या अडचणी बघून दोघांनी मिळून ठरवलेली होती. पुढच्या भेटीत तिनं काहीच केलेलं नसलं तर ‘इच्छाशक्ती कमी पडते’ असं ऐकवण्याऐवजी आडवं काय आलं, असं विचारलं जात होतं. नवऱ्याची दारू आडवी आली असेल तर त्या दिवशी बोलणं दारूवर व्हायचं. चालायला जा हे सांगणारे तिला आधीही डझनभर भेटले असतील. आठवड्यानं परत येऊन चौकशी करणारा पहिल्यांदाच भेटला.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं हे १९८६ पासून दाखवून दिलेलं आहे. व्यसन ही तर सवयींची महाराणी. ‘मनावर घे, सुटेल’ हा सल्ला प्रत्येक दारुड्यानं बायकोकडून, आईकडून, गावच्या कीर्तनकाराकडून शेकडो वेळा ऐकलेला असतो. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी त्याला आजारी मानलं, दाखल करून घेतलं, त्याच्यासारख्याच इतरांत बसवलं, घरच्यांनाही बोलावलं आणि बाहेर पडल्यानंतरचा पाठपुरावा उपचाराचाच भाग धरला. खर्चिक, वेळखाऊ, कंटाळवाणं काम आहे हे. व्याख्यान चाळीस मिनिटांत संपतं.

आणखी एक आक्षेप थोडक्यात निकालात काढतो : हल्ली जरा खट्टू झालं की लगेच डिप्रेशन म्हणतात. म्हणतात, खरं आहे. ब्रेकअप झाला, मार्क कमी पडले की हा शब्द फेकला जातो आणि त्यानं खऱ्या रुग्णाचंच नुकसान होतं. पण बंगळुरूच्या निम्हान्सनं केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि वेगवेगळ्या आजारांत उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. ज्या देशात दहातल्या सात-आठ रुग्णांपर्यंत डॉक्टर पोहोचत नाही तिथे ‘फार लोक आजारी असल्याचा आव आणतात’ ही मुख्य चिंता असणं मला हास्यास्पद वाटतं.

तेव्हा ज्यांना मन:स्वास्थ्याची खरोखर काळजी आहे त्यांनी वक्त्याचा खर्च वाचवून दुसरीकडे लावावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनं विमा देणं बंधनकारक आहे. पण आपल्याकडचे बहुतेक विमे रुग्णालयात दाखल झालेल्यालाच पैसे देतात, आणि समुपदेशनासाठी कुणी दाखल होत नाही. मुंबई-पुण्यात एका भेटीचे हजार रुपये सहज जातात. कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांनी आपल्या सामूहिक विम्यात बाह्यरुग्ण समुपदेशनाचा खर्च घालून घ्यावा, रात्री आठनंतरचे निरोप बंद करावेत आणि मग खुशाल योगासनांचं सत्र ठेवावं. घरातल्या पुरुषांनी त्या दोनशे मिनिटांतली निदान साठ तरी स्वतःच्या अंगावर घ्यावीत. कुणाला चालायला जा म्हणावंसं वाटलं तर चपला घालून त्याच्याबरोबर निघावं, आणि तेवढी सवड नसेल तर गप्प राहावं.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाची जाग रोज पहाटे तीनला होत असेल, तर त्यांच्यासाठी : केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं.